राजवाड्यावर तारीख

(विटा येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेत 'ऐतिहासिक राजवाडे : काल आणि आज' असा छापला आहे. हे नाव चिटणिसांनी दिलेले आहे. ते भारदस्त आहे आणि त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण आमच्या मनात या विषयाचे नाव निराळे आहे. आमच्या घरी एक जुनी पत्र्याची पेटी आहे. तीत लाल फडक्यात बांधलेले एका बांधाच्या दाव्याचे कागद आहेत. दावा विट्याच्या कोर्टात चालला, आणि पुढे अपिलात साताऱ्याला गेला. आमचे आजोबा त्या अपिलाविषयी बोलत तेव्हा 'कोर्ट' हा शब्द त्यांच्या तोंडी क्वचितच येई. ते म्हणत, "राजवाड्यावर तारीख होती." लहानपणी आम्हांला वाटे की आजोबांना राजाने बोलावले होते, आणि राजाने आमच्या बांधाचा न्याय केला. राजा तिथून केव्हाच गेला होता, हे कळायला पुष्कळ वर्षे लागली. आणि राजा गेल्यावरच आमच्यासारख्यांचे पाय त्या दिवाणखान्याला लागले, हे कळायला त्याहूनही अधिक.

तेव्हा आज आपण मुख्यत्वे सातारच्या राजवाड्याकडे पाहू. सांगलीच्या राजवाड्याकडेही थोडे जावे लागेल. कारण विट्याच्या माणसाचे सरकारी काम १९४९ पर्यंत साताऱ्याला होते, आणि त्या वर्षी १ ऑगस्टला दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाल्यावर ते सांगलीला गेले. पुढे १९६० साली त्या जिल्ह्याचे नाव सांगली झाले. गंमत अशी की एका राजवाड्याची पायरी सुटली आणि दुसऱ्या राजवाड्याची पायरी नशिबी आली. आपला तालुका दोन राजवाड्यांच्या मधला तालुका आहे, असे म्हटले तरी चालेल.

सातारा ही राजधानी केली शाहूमहाराजांनी. १७०८ च्या जानेवारीत त्यांचा राज्याभिषेक साताऱ्यात झाला. १७४९ च्या डिसेंबरात ते वारले, आणि नंतर दौलतीचा कारभार पुण्याकडे ओढला गेला. छत्रपती साताऱ्यातच राहिले, पण राहिले म्हणजे कसे? मान होता, मुजरे होते, पेशवाईची वस्त्रे त्यांच्याच हातून दिली जात होती. मोकळीक मात्र नव्हती. किल्ल्यावर राहायचे आणि किल्ल्याचे दार दुसऱ्याच्या हुकमाने उघडायचे. राजवाड्याचे उपयोग काळाप्रमाणे बदलले असे आपण म्हणतो, तेव्हा एक गोष्ट सहसा नजरेआड होते. राजा आत असतानाही राजवाडा कैदखाना होऊ शकतो. नजरकैदेची ती दोन पिढ्यांची सवय मोडली ती १८१८ च्या एप्रिलात. इंग्रजांनी पेशवाई बुडवून प्रतापसिंह महाराजांना गादीवर बसवले तेव्हा. अर्थात दाराची किल्ली एका हातातून दुसऱ्या हातात गेली, एवढेच. पण हे त्या वेळी तरुण राजाला कसे दिसावे?

प्रतापसिंह हा विलक्षण कर्ता माणूस. गडाखाली गावात वस्ती वाढवली, रस्ते केले, पाणी आणले, शाळा घातली, छापखाना आणला. स्वतःची रोजनिशी ठेवली. आज साताऱ्यात ज्याला जुना राजवाडा म्हणतात तो त्यांच्या काळातला. नुसता मुजरे घेण्याचा तो वाडा नव्हता. राज्याचा दप्तरखाना, फिर्यादींची सुनावणी, वसुलाचा हिशेब, सारे राजाच्या राहत्या घराच्या आसपासच चाले. आपल्याकडच्या राजवाड्याची ही जुनी रीत लक्षात ठेवली पाहिजे. घर आणि कचेरी वेगळी करण्याची कल्पना नंतरची आहे. पुढे राजवाड्यात कोर्ट बसले, शाळा भरली, त्याचे आपल्याला नवल वाटते. पण वाड्यालाच कोणी विचारले असते, तर तो म्हणाला असता, "हे माझ्या अंगवळणी आहे."

अंगवळणी कसे, ते सांगतो. आपल्यापैकी ज्यांची घरे जुन्या बांधणीची आहेत त्यांना हे लगेच पटेल. चौसोपी वाड्यात आधी देवडी लागते. तिथे पहारेकरी बसतो. आलेल्याला तो थांबवतो, नावगाव विचारतो, आत वर्दी देतो. कोर्टात हेच काम पट्टेवाला करतो, आणि बसतोही बहुधा देवडीतच. मग चौक. चौकात ऊन असते, उजेड असतो, आणि चारी बाजूंनी सोपे असल्यामुळे शेदोनशे माणसे एकमेकांच्या अंगावर न पडता ताटकळू शकतात. पूर्वी अर्जदार ताटकळत, पुढे पक्षकार ताटकळू लागले. उंचावर दिवाणखाना. तिथे एक माणूस बसणार आणि बाकीचे त्याच्यासमोर उभे राहणार, अशीच ती योजना. गादीच्या जागी टेबल आणि खुर्ची आली, वर पंखा आला. जाड भिंतींच्या आतल्या खोल्या जडजवाहीर ठेवण्याच्या. आगीला आणि चोराला तिथे सहज पोहोचता येत नाही, म्हणून दप्तर तिथे ठेवावे. इंग्रजांनी ठिकठिकाणी वाडे घेतले ते केवळ पैसे वाचवण्यासाठी नव्हे. पैसे वाचले हे खरेच, कंपनीला पैशाचे प्रेम कमी नव्हते. पण वाडा कचेरीला अंगाबरोबर बसत होता, हे त्याहून मोठे कारण आम्हांला वाटते. आणि आणखी एक कारण आहे, जे कागदावर कोणी लिहीत नाही. लोकांना जिथे मान खाली घालून जाण्याची सवय होती, तिथेच नवा धनी बसला म्हणजे मान खाली घालायला निराळे शिकवावे लागत नाही.

आता मूळ धन्याचे काय झाले ते पाहू. प्रतापसिंहांचे आणि मुंबई सरकारचे बिनसले. गोव्याच्या पोर्तुगीजांशी आणि इतरांशी मिळून कट केल्याचे आरोप त्यांच्यावर ठेवले गेले. गव्हर्नर कारनॅक १८३९ साली साताऱ्याला आला आणि त्याने महाराजांपुढे तोड ठेवली ती अशी की आरोप कबूल केल्याचे लिहून द्या, गादी राहील. महाराजांनी लिहून दिले नाही. त्यांचे म्हणणे एकच, उघड चौकशी करा. ती झाली नाही. सप्टेंबरच्या आरंभी रात्री लष्कर आले, रेसिडेंट ओव्हान्सने महाराजांना वाड्यातून बाहेर काढले, पालखीत बसवून लिंबेला नेले, आणि तिथून पुढे काशीला. १८४७ साली ते काशीतच वारले. त्यांच्यातर्फे रंगो बापूजी विलायतेस गेले आणि चौदा वर्षे तिथे खेटे घालीत राहिले. मागणी काय? सुनावणी! राज्य परत द्या हे पुढचे. आधी आमचे ऐकून तर घ्या.

मंडळी, सातारच्या त्या आवाराविषयी बोलताना आमचे मन याच गोष्टीपाशी घोटाळते. त्या आवाराच्या धन्याला एक साधी सुनावणी मिळाली नाही. आणि थोड्याच वर्षांत तेच आवार सबंध जिल्ह्याच्या सुनावणीची जागा झाले.

प्रतापसिंहांच्या जागी त्यांचे धाकटे बंधू शहाजी ऊर्फ अप्पासाहेब महाराज गादीवर आले. त्यांच्याविषयी इतिहासकार हात राखून बोलतात, आणि ते समजण्यासारखे आहे. भाऊ काशीला बंदीत आणि हे गादीवर, हे चित्र डोळ्यांपुढून जात नाही. पण कृष्णा आणि वेण्णा या नद्यांवर दगडी पूल त्यांच्याच कारकिर्दीत झाले, आणि जुन्या वाड्याला लागून नवा राजवाडा उभा राहिला तोही त्यांच्याच वेळी, १८४४ च्या सुमारास. मोठा चौक, चौकाभोवती मजले, सागवानी खांबांचा प्रशस्त दिवाणखाना, दर्शनी भिंतींवर पुराणांतली चित्रे. पूल बांधणाऱ्या इंजिनियराकडूनच हा वाडाही बांधून घेतला, म्हणून त्यात जुनी मराठी रीत आणि नवी साहेबी रीत एकत्र आलेली दिसते.

आणि मग ५ एप्रिल १८४८ रोजी अप्पासाहेब महाराज वारले. मरणापूर्वी त्यांनी घेतलेले दत्तक डलहौसीने मानले नाही, आणि राज्य खालसा झाले. डलहौसीच्या त्या धोरणाने गेलेल्या राज्यांपैकी हे पहिले मोठे राज्य. झाशी आणि नागपूर मागाहून गेली.

आता हिशेब करा. नवा राजवाडा पुरा झाला १८४४ च्या सुमारास, राज्य गेले १८४८ साली. म्हणजे राज्य करणाऱ्या राजाचा वाडा म्हणून त्याचे आयुष्य चारपाच वर्षांचे. एकोणिसाव्या शतकातच तिथे जिल्हा जज्जाचे कोर्ट बसले, आणि स्वातंत्र्यानंतरही कित्येक वर्षे तिथेच भरत राहिले. चारपाच वर्षे राजा, आणि शंभरांहून अधिक वर्षे पक्षकार! तरी नाव राजवाडाच. साताऱ्यात एस.टी.तून उतरून शहराच्या गाडीत बसा. कंडक्टर "राजवाडा, राजवाडा" असेच ओरडतो. समोरच्या मैदानाला गांधी मैदान नाव पडले, तिथे सर्व पक्षांच्या सभा झाल्या, संध्याकाळी भेळेच्या गाड्या लागतात. पण गाडीवर भेळ खाणारासुद्धा "राजवाड्यावर गेलो होतो" असेच सांगतो. नाव मालकाला चिकटते, उपयोगाला नाही, असा काही तरी लोकांच्या जिभेचा कायदा दिसतो.

याच्या उलट बाजूही साताऱ्यातच आहे. तिथे अदालत वाडा म्हणून एक वाडा आहे. नाव अदालतीचे, आणि राजघराण्यातली माणसे राहात आली ती त्यात. अदालतीच्या नावाच्या वाड्यात राजे, आणि राजवाड्यात अदालत! कोणा नाटककाराने हे रचले असते तर ओढूनताणून आणले म्हणून आपण नाक मुरडले असते.

राजवाड्यावर तारखेला जाणे म्हणजे काय असे, ते आज पन्नाशीच्या आतल्या मंडळींना सांगावे लागेल. आजोबांच्या सांगण्यातून आम्हांला जे आठवते ते असे. आदल्या दिवशी पहाटे निघायचे. दशम्या, चटणी, कांदा फडक्यात बांधून. कागदांचे बंडल उराशी. साताऱ्यात कोणाच्या तरी ओळखीने ओसरीवर अंग टाकायचे. सकाळी वकिलांच्या घरी, तिथून राजवाडा. चौकात सबंध जिल्हा भेटे. माणदेशचा धनगर, कृष्णाकाठचा ऊसवाला, कऱ्हाडचा व्यापारी, पाटणच्या डोंगरातला शेतकरी. आमच्या आजोबांना 'जिल्हा' ही चीज नकाशावर कधी दिसली नाही; त्यांना ती त्या चौकात दिसली. आणखी एक गोष्ट ते आवर्जून सांगत. ज्याच्याशी बांधाचे भांडण, तो भाऊबंदही त्याच गाडीतून यायचा. दुसरी गाडी कुठून आणणार? चौकात दोघे समोरासमोरच्या सोप्यांत पाठ फिरवून बसत, आणि परतताना वाटेत एका विहिरीवर एकाच फडक्यातली दशमी खात. निकाल कोणाच्या बाजूने लागला हे आम्ही मुद्दाम सांगत नाही. तो भाऊबंदाचा नातू कदाचित इथे बसला असेल.

पण राजवाड्यातला न्याय हा इंग्रजांचा न्याय होता, हे विसरून चालणार नाही. १८५७ साली रंगो बापूजींनी साताऱ्यात उठावणीची जुळवाजुळव केली, ती फुटली, आणि ८ सप्टेंबरला गेंडामाळावर सतरा जणांना देहान्त शिक्षा झाली. त्यांत रंगो बापूजींचा मुलगा होता. स्वतः रंगो बापूजी निसटले ते पुन्हा कोणाला दिसले नाहीत. जो माणूस चौदा वर्षे सुनावणी मागत राहिला, त्याच्या घराला मिळालेली सुनावणी ती ही.

आणि आपल्या पिढीच्या वाडवडिलांनी त्या न्यायाकडे पाठ फिरवूनही दाखवली. १९४२ नंतर सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार चालले, तेव्हा गावोगाव न्यायदान मंडळे उभी राहिली. आपला खानापूर, तासगाव, वाळवा हा तर त्याचा गाभा. बांधाचे तंटे, सावकारीचे तंटे, नांदवण्याचे तंटे देवळात, मळ्यात, रात्री कंदिलाच्या उजेडात मिटवले जात. वकील नाही, स्टँप नाही, राजवाड्यावर तारीख नाही. त्या न्यायातही कधी घाई झाली, कधी कठोरपणा झाला. भाबड्या कौतुकाने बोलण्याचे आता कारण नाही. पण सत्तेचे घर कोणते, हा प्रश्न त्या तीनचार वर्षांत या मुलखाने उलटा करून टाकला. न्यायाला दिवाणखाना लागतोच असे नाही, वडाचा पारही चालतो, हे त्याने दाखवले.

आता त्याच आवारातल्या जुन्या राजवाड्याकडे वळू. तिथे शाळा भरली. सरकारी हायस्कूल, पुढे प्रतापसिंह हायस्कूल या नावाने ओळखले जाऊ लागले. आमच्या मते या सबंध आवाराचा सर्वांत थोर उपयोग कोणता झाला असेल तर तो हा. आणि त्याची तारीख आहे ७ नोव्हेंबर १९००. त्या दिवशी इंग्रजी पहिलीच्या वर्गात एका मुलाचे नाव दाखल झाले, भिवा रामजी आंबेडकर. रजिस्टरातला क्रमांक १९१४. वडील सुभेदार रामजी हे पलटणीतून निवृत्त होऊन साताऱ्यास आलेले. मुलाचे वय नऊ वर्षांचे.

तो मुलगा राजवाड्यात शिरला, पण कसा शिरला हे त्याने पुढे स्वतःच आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. शाळेत त्याला इतरांबरोबर बसता येत नसे. कोपऱ्यात वेगळे बसायचे, बसायला स्वतःचे गोणपाट. तहान लागली तर शिपायाने नळ सोडावा तेव्हा पाणी. शिपाई नसेल तर पाणी नाही. याच साताऱ्यातून १९०१ साली वडिलांना भेटायला निघालेल्या त्या भावंडांना वाटेत गाडीवान मिळेना आणि पाणी मिळेना, ती हकीकत पुष्कळांनी वाचली असेल.

म्हणून राजा गेला आणि राजवाडा लोकांचा झाला, हे वाक्य आम्ही फार जपून उच्चारतो. कोणत्या लोकांचा? दार उघडले म्हणजे आतली जागा वाटली गेली असे होत नाही. देवडी ओलांडता आली तरी वर्गाचा कोपरा ओलांडता येत नव्हता. तो कोपरा पुरता मोडायला राज्यघटना लागली, आणि ती लिहिणाऱ्यांत त्या कोपऱ्यातलाच मुलगा अग्रभागी होता. महाराष्ट्र शासनाने २०१७ पासून ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळायला सुरुवात केली. हे योग्यच झाले. पण त्या दिवशी मुलांना नुसते रजिस्टरातले नाव दाखवू नये, गोणपाटही सांगावे.

जाता जाता आपल्या गावाचा एक मान सांगतो. त्याच सुमारास कर्मवीर भाऊराव पाटलांचे वडील सरकारी नोकरीत या भागात होते, आणि भाऊरावांचे लहानपणीचे काही शिक्षण विट्यात झाले. पुढे १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ साली साताऱ्यात नेली, आणि सर्व जातींची मुले एका वसतिगृहात, एका पंगतीत बसवली. राजवाड्यातल्या शाळेला जे त्या वेळी जमले नव्हते, ते त्यांनी साध्या छपराखाली करून दाखवले.

आता सांगली. चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धनांनी १८०१ मध्ये मिरजेहून वेगळे होऊन हे संस्थान उभे केले आणि गणेशदुर्ग बांधला. भोवती खंदक, आत राजवाडा. या राजवाड्यात ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केले, आणि मराठी रंगभूमीचा आरंभ आपण तिथून धरतो. राजाच्या दरबारात, राजाच्या खर्चाने, राजाच्या पाहुण्यांपुढे ते झाले. १८५१ साली चिंतामणराव वारले आणि आश्रय तुटला. मग भाव्यांनी मंडळी घेऊन बाहेर पडून तिकीट लावले, आणि नाटक राजवाड्यातून लोकांत आले. राजवाड्यातून बाहेर घालवल्यामुळे एखाद्या गोष्टीचे कल्याण झाल्याचे हे उदाहरण. आश्रय चालू राहता, तर मराठी नाटक आणखी किती वर्षे दिवाणखान्यात कोंडून राहिले असते कोणास ठाऊक.

शंभर वर्षांनी त्याच गणेशदुर्गात दुसरा खेळ झाला, आणि तो नाटकातला नव्हता. दुर्गातच संस्थानचा तुरुंग होता. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार तो तुरुंग फोडून बाहेर पडले. तट, खंदक, पावसाळ्याची कृष्णा, आणि पाठीमागे गोळ्या. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव हे दोघे कामास आले. दादांना गोळी लागली आणि ते पुन्हा पकडले गेले. राजाच्या रक्षणासाठी खणलेला खंदक राजकैद्यांच्या वाटेत आला. आणि १९७७ साली तोच कैदी महाराष्ट्राचा मुख्यमंत्री झाला.

१९४८ साली संस्थान विलीन झाले. पुढे जिल्ह्याच्या कचेऱ्या आणि कोर्ट याच राजवाड्याच्या आवारात बसले, आणि आपण विटेकर सात-बाराच्या, अपिलाच्या, दाखल्यांच्या निमित्ताने पुन्हा 'राजवाड्यावर' जाऊ लागलो. अलीकडच्या काळात ही कार्यालये विजयनगरला नव्या इमारतींत गेली. साताऱ्याचे कोर्टही राजवाड्यातून उठले. म्हणजे आपल्या दोन्ही राजवाड्यांतून राजे गेले, मग साहेब गेले, आणि आता पक्षकारही गेले.

इथे आमच्या व्याख्यानाचा खरा प्रश्न सुरू होतो. आता पुढे काय?

पुण्याचा एक दाखला पाहण्यासारखा आहे. १८७९ च्या मे महिन्यात पुण्याला मोठी आग लागली. तीत बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा हे दोन्ही सापडले. बुधवारवाडा पुन्हा उभा राहिला नाही. विश्रामबागवाड्याचा जळलेला भाग पुन्हा बांधला गेला. दोन्ही पेशव्यांचेच, दोन्ही लाकडीच. मग फरक कशामुळे पडला? आम्हांला वाटते, विश्रामबागवाड्यात १८२१ पासून पाठशाळा, मग हायस्कूल अशी विद्येची परंपरा चालत आली होती. त्या वाड्याची ज्याला त्याला गरज होती. पुढे पुण्याच्या नगरपालिकेने तो घेतला आणि तिथून बरीच वर्षे कारभार केला. वाड्याला रोज झाडणारा माणूस असला, कौल सरकले तर डोक्यावर पाणी पडून ओरडणारा माणूस असला, म्हणजे वाडा टिकतो. कुलूप लावलेल्या वाड्याला वाळवी लागते, आणि तिचा आवाज होत नाही.

उपयोगाने नुकसान होत नाही असे मात्र नाही. कचेरी वाड्यात आली म्हणजे आधी चुन्याचे हात फिरतात, आणि चित्रांवरून फिरले तरी कोणाला वाईट वाटत नाही. खांबाला खिळे ठोकून वायरी नेतात. सोप्यात फळकुटे ठोकून खोल्या पाडतात. संडास जिथे नको तिथे बांधतात. हे जागोजाग पाहिले आहे आणि दुःख होते. पण खिळा काढता येतो, फळकूट काढता येते; पडलेली तुळई परत येत नाही.

पुष्कळ लोक म्हणतात, राजवाडा झाला की संग्रहालय करावे. आम्ही संग्रहालयाच्या विरुद्ध नाही. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यात आहे, लोक श्रद्धेने पाहतात. औंधच्या पंतप्रतिनिधींनी १९३८ साली चित्रांचे संग्रहालय उभारले, ते तर या भागाचे भूषण आहे. विट्याहून एका दिवसात पाहून येता येते आणि ज्यांनी पाहिले नाही त्यांनी उन्हाळा सरण्याआधी जाऊन यावे. पण संग्रहालयात आपण काय मांडू? तलवार, पगडी, पालखी, सिंहासन. म्हणजे नव्या राजवाड्याची चारपाच वर्षे काचेत ठेवू, आणि शंभरांहून अधिक वर्षे झाडून बाहेर टाकू. दशम्यांची फडकी घेऊन चौकात बसलेले पक्षकार त्यात येणार नाहीत. गोणपाटावरचा मुलगा एका तसबिरीपुरता येईल. हा इतिहास आपल्याला अपुरा वाटतो, आणि आपण विटेकरांनी तो अपुरा आहे असे बोलले पाहिजे, कारण त्या चौकातली माणसे आपली होती.

आमचे म्हणणे असे की या दोन्ही वाड्यांचा काही भाग रोजच्या कामासाठी चालता ठेवावा. वाचनालय असो, अभ्यासिका असो, मुलांची शाळा असो, जिथे तिकीट लागत नाही आणि जिथे सकाळी कोणीतरी दार उघडतो. आणि एक दालन दप्तराचे करावे, दाव्यांच्या आणि अपिलांच्या जुन्या कागदांचे. एका शतकात या जिल्ह्यात कोण कशासाठी भांडले, विहीर कोणाची, पाट कोणाचा, दत्तक खरे की खोटे, विधवेला पोटगी किती, हे ज्या कागदांत आहे तो या मुलखाचा राजांच्या बखरींइतकाच मोठा इतिहास आहे. सरकारी कागदांचे सरकार पाहील. पण त्या कागदांच्या नकला, वकिलांच्या नोटिसा, साक्षीची समन्से आपल्या घरांत आहेत. आपल्यापैकी कित्येक घरांतली माणसे गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगली. इथली घरे बंद आहेत, आणि पेट्या त्या बंद घरांत आहेत.

आमच्या पेटीतले बंडल आम्ही मागच्या महिन्यात उघडले. वरचे चार कागद वाळवीने नेले होते. खालचा निकालपत्राचा कागद शाबूत होता. तो उन्हात न घालता सावलीत पसरून वाळवला, फडके नवे बांधले, आणि पेटी जमिनीवरून उचलून फळीवर ठेवली. आज गुढीपाडवा होऊन गेला आहे, मृगाला अजून अवकाश आहे. ज्यांच्या घरी अशा पेट्या असतील त्यांनी पाऊस लागण्यापूर्वी त्या एकदा उघडाव्यात. कागद मोडीत असले आणि वाचता आले नाहीत तरी टाकू नयेत. मोडी वाचणारी माणसे अजून आहेत.